‘जातलें’ म्हणजे नक्की किती दिवस?

गोव्यात घराचं काम काढलं की घरमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘चवथी पयलीं जातलें न्ही?’’ गणेशचतुर्थीच्या आधी होईल ना? मेस्ताचं, म्हणजे गवंडी-कारागिराचं, उत्तरही ठरलेलं, ‘‘जातलें.’’ होईल. कुठल्या चवथीआधी, ते विचारायचं नाही.

मी फोंड्याच्या आसपास जुन्या घरांची दुरुस्ती करते. बाबा चिऱ्याचं काम करणारे मेस्त होते, मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, पण ‘जातलें’ दोघांच्याही तोंडी सारखंच बसलेलं. फरक इतकाच की मी ते कॉम्प्युटरवर टाईप करून, खाली सही करून द्यायची. माशेलच्या एका काकींच्या घरानंतर ती सवय मोडली. दिवस मोजायची जी रीत मी त्यानंतर धरली ती इथे लिहिते आहे. उदाहरणं कौलांची आणि गिलाव्याची आहेत, कारण मला तीच ठाऊक. कुणाला स्मरणिका छापायची असेल किंवा ऑफिसात सॉफ्टवेअर द्यायचं असेल, तर कौलांच्या जागी आपापली कामं घालून वाचा.

आधी काकींचं घर. साल २०२५. मधे राजांगण, म्हणजे घराच्या आतलं उघडं अंगण, चारी बाजूंनी मंगळुरी कौलांचं छप्पर. पुढच्या दोन खोल्यांचे वासे-रिपा बदलायच्या, भिंतींना नवा गिलावा, देवाच्या खोलीत लाद्या. मी ८० दिवस सांगितले. २१ एप्रिलला नारळ फोडला, म्हणजे १० जुलैला काम पुरं. चवथ २७ ऑगस्टला. मधे दीड महिना हातात, आणखी काय पाहिजे?

तिसऱ्या आठवड्यात कौलं उतरली. देवाच्या खोलीवरची तुळई बाहेरून तेलपाण्याने लखलखीत. भिंतीत गेलेलं तिचं टोक मात्र किंचित काळं दिसलं, म्हणून मी तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर लावलाच नाही. तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढताना चहाच्या भुकटीसारखा भुसा माझ्या पायावर सांडला. वाळवी. तेवढ्या लांबीचं, वाळलेलं फणसाचं लाकूड मिळेपर्यंत १६ दिवस गेले. गोव्यात पाऊस एरवी ५ जूनच्या आगेमागे लागतो. त्या वर्षी तो मेच्या शेवटच्या आठवड्यातच आला. अर्धं छप्पर उघडं, वर ताडपत्री, भिंती चिंब. ओल्या भिंतीला गिलावा धरेना, धरला तो वाळेना. सुतार किती दिवस बसून राहणार, तो दुसरीकडे लागला.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी नवी तुळई वर होती, पण तिच्यात माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या चौकटीच्या, कड्या नव्हत्या. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माटोळी त्याच चार कड्यांना टांगत आलेले. शेवटी जमिनीवर चार बांबू उभे करून त्यांना चौकट बांधली आणि तिला नारळ, सुपाऱ्या, कांगलां, घागऱ्या लटकवल्या. मुंबईहून आलेले काकींचे दीर मान तिरकी करून त्या बांबूंकडे बघत होते. काकी एक शब्द बोलल्या नाहीत. जाताना नेवऱ्यांचा डबा हातात दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काम अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला पुरं झालं. ८० दिवस सांगितलेले, १३८ लागले.

दारात उभं राहून आकडा सांगू नका

माझी पहिली चूक वाळवीच्या फार आधीची होती. काकींच्या पडवीत उभ्या उभ्या, हातात कोकमाच्या सरबताचा पेला असताना, मी ‘‘अडीचेक महिने’’ म्हटलं. एकदा तोंडातून निघालेला आकडा चिरा बसवावा तसा बसतो. नंतर घरी जाऊन मी जो हिशेब केला तो खरं तर हिशेब नव्हताच, अडीच महिन्यांत सगळं कसं कोंबता येईल याची जुळवाजुळव होती. आता कुणी कितीही आग्रह केला तरी माझं उत्तर एकच, ‘‘बघून गेले, उद्या सांजेपर्यंत सांगते.’’ लोक रागावत नाहीत. उलट उद्या खरंच फोन आला की त्यांना नवल वाटतं.

टोचून बघा

जे दिसत नाही त्याचे दिवस मोजता येत नाहीत. म्हणून आधी ते दिसेल असं करा. तुळईचं टोक टोचा, फूटभर गिलावा पाडून आतला चिरा बघा, कोपऱ्यातली दोन कौलं उचला, नळाचा पाईप एका ठिकाणी उघडा करा. यात एक दिवस जातो आणि त्या दिवसाचे पैसे मी आता सरळ मागून घेते. ज्या घरात टोचू देत नाहीत तिथे मी तारीख देत नाही.

आमच्याच पेडण्याचा रेल्वे बोगदा याचं मोठं उदाहरण. कोकण रेल्वेचं काम १९९० साली सुरू झालं आणि ते पाच वर्षांत पुरं करायचा बेत होता. कठीण खडकातले बोगदे खोदून झाले, पण पेडण्यासारख्या ठिकाणी पाणी प्यायलेली मऊ माती लागली. खोदलं की ढासळायचं, पुन्हा खोदायचं. मुंबईहून मंगळूरपर्यंत सलग गाडी धावायला जानेवारी १९९८ उजाडला. खडकाचा अंदाज खडकापुरता बरोबर असतो, मातीला तो लावता येत नाही.

हाताचे दिवस वेगळे, वाटेचे दिवस वेगळे

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. ‘स्लॅब घालायला किती दिवस?’ विचारलं तर मेस्त म्हणेल, ‘एक’. खोटं नाही ते. सकाळी सातला मिक्सर लागतो, सांजेला लोक भात-हुमण जेवून घरी. पण त्याआधी सेंट्रिंग आणि लोखंड बांधणं आहे, आणि नंतर काँक्रीटला पाणी मारत थांबणं आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या (ओपीसी) सिमेंटच्या, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमध्ये तेवढं अंतर असलेल्या, स्लॅबखालचे टेकू निदान ७ दिवस हलवायचे नसतात, त्याहून मोठा गाळा असेल तर १४. बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ दिवस, पुढे २१. हल्ली बहुतेक जण पीपीसी, म्हणजे राख वगैरे मिसळलेलं सिमेंट, वापरतात, ते ताकद सावकाश धरतं, म्हणून मी आणखी थोडे दिवस थांबते. टेकूंचं रान उभं असताना खालच्या खोलीत लाद्या बसवता येत नाहीत. एका दिवसाचं काम असं तीन आठवडे खातं.

म्हणून कागदाच्या मधोमध रेघ मारते. डावीकडे हाताचे दिवस, म्हणजे कुणीतरी खरोखर काम करत असतं ते. उजवीकडे वाटेचे दिवस, म्हणजे वाळणं, मुरणं, पाणी मारणं, माल येणं, पंचायतीचा कागद निघणं, घरमालकाच्या दुबईतल्या मुलाने लादीचा रंग पसंत करणं. शेवटच्याला हसू नका. माझ्या वहीत त्याचे एकदा अकरा दिवस आहेत.

डावीकडचं प्रत्येक काम इतकं लहान करायचं की ते तीन दिवसांच्या वर जाणार नाही. ‘छप्पर – १२ दिवस’ असं लिहिलं तर त्यात काय आहे ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ‘कौलं उतरवून, धुऊन, फुटकी निवडून रचणं’ असं लिहिलं की लगेच प्रश्न पडतात. चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात, म्हणजे साठ मीटरच्या छपराला नऊशे. त्यातली किती फुटकी निघणार? जुन्या मापाची कौलं जवळपास मिळतात का? धुवायला विहिरीचं पाणी मे महिन्यात पुरेल का? काम बारीक तुकड्यांत लिहिण्याचा मोठा फायदा हा, की विसरलेली कामं आपसूक वर येतात. माझे निम्मे उशीर चुकीच्या आकड्याने झालेले नाहीत. ते काम मी कागदावर लिहिलेलंच नव्हतं.

जुनी वही काढा

बाबांची एक सवय चांगली होती. लाल कापडी वहीत ते मजुरी रोज मांडायचे, त्यामुळे कुठलं काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं ते आपोआप नोंदलं गेलं. सांगितलेले दिवस मात्र त्यात नव्हते. ते मी लिहायला लागले. माझ्या वहीतली सहा कामं, आधी सांगितलेले दिवस आणि मग लागलेले:

सावईवेऱ्याचं न्हाणीघर १४, लागले २३
बोरीचं छप्पर १५, लागले २२
फोंड्यातलं स्वयंपाकघर २०, लागले ३४
मडकईचं कुंपण १०, लागले ११
शिरोड्याचं छप्पर १८, लागले २९
माशेलच्या काकी ८०, लागले १३८

प्रत्येकात लागलेल्या दिवसांना सांगितलेल्या दिवसांनी भागा. कुंपणाला १.१, काकींना १.७. चढत्या क्रमाने लावले तर मधला आकडा १.६ च्या आसपास येतो. म्हणजे मी मनापासून, प्रामाणिकपणे जो अंदाज सांगते त्याच्या दीडपटीहून जास्त वेळ मला लागतो. कुंपण तेवढं जवळपास वेळेत झालं, कारण त्यात वाळायचं काही नाही आणि उघडून बघायचंही काही नाही.

मला वाटायचं हा गोव्याच्या हवेचा गुण. तसं नाही. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, तुम्हाला किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. मग विचारलं, सगळंच बिघडत गेलं तर? ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटात वाईट कल्पनेपेक्षाही आठवडाभर जास्त. भागाकार करून बघा, १.६ च निघतो. तिथे चवथही नव्हती आणि वाळवीही नव्हती. या खोडीला नियोजनाचा भ्रम म्हणतात. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी ती १९७९ साली मांडली. आपण समोरच्या कामाकडे पाहून गोष्ट रचतो आणि त्या गोष्टीत सगळं सुरळीत घडतं. तोड एकच, समोरचं काम थोडं बाजूला ठेवून असल्याच मागच्या कामांना किती दिवस लागले ते बघायचं.

इथे एक खबरदारी. हाताचे आणि वाटेचे दिवस वेगळे मांडायला लागल्यावर तुमचा अंदाज मुळातच सुधारलेला असतो, त्याला पुन्हा जुन्या १.६ ने गुणू नका. गुणक नव्या पद्धतीच्या कामांवरून नव्याने काढा. काकींच्या नंतरची माझी दोन कामं अशी, २५ सांगितले आणि २९ लागले, ३० सांगितले आणि ३७ लागले. म्हणून सध्या मी १.२ धरते. वही नसेल तर? बँकेचे व्यवहार, व्हॉट्सॲपवरचे फोटो, पहिल्या आणि शेवटच्या बिलाची तारीख. तेवढ्यावरून तीन-चार कामं तरी उभी राहतात.

तीन आकडे

ज्या कामाच्या पोटात काय आहे ते कळत नाही, त्याला एकच आकडा देऊ नये. मेस्ताला तीन प्रश्न विचारते. सगळं मनासारखं झालं तर? एरवी किती लागतात? आणि वासे सडके निघाले तर? एका छपराला उत्तर आलं ८, १२ आणि २८. मधल्याची चौपट करायची, त्यात दोन्ही टोकं मिळवायची, सहाने भागायचं. ८ अधिक ४८ अधिक २८ म्हणजे ८४, भागिले सहा, १४ दिवस. अमेरिकन नौदलाने १९५८ साली पाणबुडीवरच्या क्षेपणास्त्रांच्या प्रकल्पासाठी बसवलेला हा हिशेब आहे, आणि कौलांनाही चालतो. पण मला त्या १४ पेक्षा २८ चा उपयोग जास्त. ‘२८ का?’ एवढं विचारलं की मेस्त भडाभडा बोलायला लागतो, ‘त्या घराची उत्तरेकडची भिंत कायम ओली असते, तिथे वासे गेलेलेच असणार.’ हे त्याला आधीपासून माहीत असतं. आपण विचारलेलं नसतं.

सवड हवीच. पण ती प्रत्येक कामात दोन-दोन दिवस अशी लपवू नका. लाद्या चारऐवजी सहा दिवसांत बसवायच्या म्हटल्या तर त्या सहा दिवसांतच बसतात, आणि सवड कधी संपली ते कळतही नाही. सगळ्यांची मिळून शेवटी एकच ठेवा आणि ती घरमालकाला दाखवा.

कालनिर्णय समोर ठेवून

कामाचे दिवस आणि कॅलेंडरचे दिवस एक नव्हेत हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सगळे विसरतात. मी भिंतीवरून कालनिर्णय काढून मांडीवर घेते आणि पेन्सिलीने खोडत जाते. रविवार. शिगम्यात गावातले कामगार ढोल-ताशे घेऊन बाहेर, ते आठवडाभर येत नाहीत. आमचा एक सुतार शिरगावच्या लईराई देवीचा धोंड, म्हणजे जत्रेसाठी व्रत धरणारा भक्त, आहे, वैशाख शुद्ध पंचमीच्या आधीचे त्याचे व्रताचे दिवस मी न विचारता वजा करते. उत्तर कर्नाटकातले मजूर उगादीला गावी जातात, आणि ‘चार दिवसांनी येतो’ म्हणाले तर मी दहा धरते.

मग दोन मोठ्या रेघा. एक पावसाची. उघडं छप्पर २० मेच्या पुढे न्यायचं नाही, हा माझा काकींच्या नंतरचा नियम. दुसरी चवथीची, आणि ती दरवर्षी सरकते. २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट, २०२६ ला १४ सप्टेंबर, कारण त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. तो अधिक महिना १७ मे ते १५ जून. त्यात गृहप्रवेश कुणी करत नाही, म्हणून सगळ्यांना घर त्याच्या आत पुरं हवं असतं आणि एप्रिलमध्ये चांगला मेस्त मिळणं मुश्कील होतं. पंचांग असंही वाचावं लागतं.

साखळी शोधा

सगळ्या कामांची बेरीज म्हणजे प्रकल्पाचे दिवस नव्हेत. गिलावा वाळत असताना अंगणात सुतार दारं करू शकतो. जी कामं एकामागून एकच होऊ शकतात त्यांची सर्वात लांब साखळी शोधायची. तारीख ती ठरवते. तिच्याबाहेरचं काम तीन दिवस रखडलं तरी काही बिघडत नाही, तिच्यातलं एक दिवस रखडलं तर शेवट एक दिवस पुढे जातो. साखळीत बहुधा वाट बघण्याचीच कामं निघतात. म्हणून लाकूड, खिडक्या, खास मापाच्या लाद्या अशांची मागणी पहिल्याच दिवशी द्यायची, लागणार दोन महिन्यांनी असल्या तरी.

उशीर होतोय म्हणून माणसं वाढवायचा मोह होतो. कुंपणाला ते चालतं. पाच बाय सात फुटांच्या न्हाणीघरात दोन मेस्त घातले तर एक काम करतो आणि दुसरा त्याला कसं करायचं ते सांगतो.

सांगायचं कसं

एक तारीख सांगायची नाही, तीन सांगायच्या, आणि प्रत्येकीबरोबर ‘जर’ सांगायचा. लेखी. शिवाय मधे एक थांबा ठरवायचा. तिसरा हिस्सा काम झालं की बसून मोजायचं. दहा दिवसांचं काम चौदा दिवसांत झालं असेल तर ‘पुढे भरून काढू’ म्हणू नका, उरलेलंही त्याच चालीने जाणार असं धरा आणि त्याच दिवशी फोन करा. मे महिन्यात सांगितलेला उशीर लोक पचवतात. चवथीच्या आदल्या दिवशी सांगायला काही उरतच नाही.

आता काकींनी न्हाणीघर काढलं आहे. खरं सांगायचं तर त्यांनी मला पुन्हा बोलावलं याचंच मला आश्चर्य वाटलं. गेल्या बरोबर सरबत आलं, आणि ‘‘कितले दीस लागतले बाय?’’ हेही आलं. दुसऱ्या दिवशी सांजेला चिठ्ठी पाठवली ती अशी:

जुन्या लाद्या, गिलावा फोडणं: हात २
पाईप: हात २, दाब देऊन रात्रभर ठेवणं, वाट १
गळती थांबवायचे दोन थर: हात १, वाट १
पाणी भरून ४८ तास: वाट २
गिलावा: हात २, पाणी मारणं वाट ७
लाद्या: हात ४, वाट १
सांधे भरणं: हात १
नळ, दिवे, दार: हात १

हात १३, वाट १२, एकूण २५. रविवार वाटेच्या दिवसांत बसवले आहेत. सोमवार ६ एप्रिलला सुरू केलं तर सगळं सुरळीत झाल्यास ३० एप्रिल. माझ्या नेहमीच्या चालीने ५ मे. भिंतीतला जुना लोखंडी पाईप गंजलेला निघाला तर १६ मे, म्हणजे अधिक महिना लागायच्या आदल्या दिवशी. १५ एप्रिलला येऊन पुन्हा मोजेन.

काकींनी चिठ्ठी चष्मा लावून दोनदा वाचली म्हणे. मग फोन केला.

‘‘हें सगळें बरें आसा. पूण माटोळेच्यो कड्यो खंय बरयल्यात?’’

बरोबर. लिहिल्याच नव्हत्या. नव्या तुळईत त्या अजून बसायच्या आहेत. हात अर्धा, वाट शून्य. पहिल्याच दिवशी.